पौषांतील वेग, वैशाखांतील कसोटी

(संगणक वारंवार कां कोसळतो याची एक घरगुती हकीकत, व तीवरून हातीं लागलेला निदानाचा क्रम)

मागील चैत्रांत आमच्या घरीं तीन आठवडे जो कलह माजला होता, त्याचें मूळ नखाएवढ्या एका सिलिकॉनच्या तुकड्यांत होतें. तें सांपडेपर्यंत आम्हीं दुकानदाराला दोष दिला, विजेला दोष दिला, आणि शेवटीं एकमेकांनाही दिला. ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा आणि सर्वांना मिळून एकच संगणक आहे, अशा घरीं हा प्रसंग केव्हां ना केव्हां येण्याचा संभव आहे. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

आमचें बिऱ्हाड नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूस, इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर आहे. चिरंजीव इंजिनिअरिंग कॉलेजांत दाखल झाले त्या वेळीं एक बऱ्यापैकीं संगणक घेतला व त्याच्या वापराची वांटणीही ठरवून दिली. दिवसा थोरल्या मुलीचें काम, सायंकाळीं मुलाचा अभ्यास, आणि अभ्यास उरकल्यावर त्याला तासभर गेम खेळण्याची मोकळीक. मुलगी त्या सुमारास एम्. ए. च्या शेवटच्या वर्षाला असून गोदाकाठच्या जुन्या वाड्यांवर प्रबंध लिहीत होती. यंत्र घरांत आणलें त्या दिवशींच मीं सर्वांसमक्ष बजावलें होतें कीं, "याच्या आंतल्या भागाला कोणीं हात लावलेला मला कळला, तर मी तें दुसऱ्या दिवशीं विकून टाकीन." हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, पुढें त्याची गरज पडणार आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत एके रात्रीं आठाच्या सुमारास खेळ ऐन रंगांत आला असतां पडदा एकाएकीं निळा झाला, त्यावर इंग्रजी दोन ओळी उमटल्या, आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू झालें. पहिल्या दिवशीं हें एकदां घडलें, तिसऱ्या दिवशीं तीनदां. मुलाच्या खेळापुरतें तें होतें तोंवर घरांत कोणाला फारसें वाईट वाटलें नाहीं. परंतु आठवडाभरानें दुपारीं मुलगी वाड्यांच्या शेंकडों छायाचित्रांवर एकदम संस्कार करून तीं प्रबंधांत घालीत असतांना तोच प्रकार झाला. यंत्र पुन्हां सुरू झालें खरें, पण प्रबंधाची फाइल उघडेना. ती बिघडल्याचा निरोप पडद्यावर आला. होळीच्या वेळीं करून ठेवलेली एक जुनी प्रत सांपडली. तींत शेवटचीं बावीस पानें नव्हतीं. त्या सायंकाळीं आमच्या घरीं कोणी धड जेवलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं यंत्र उचलून मी तावातावानें दुकानांत गेलों. दुकानदार मोठा सोशिक गृहस्थ. त्यानें सगळें ऐकून घेतलें व एकच प्रश्न केला, "आंत कोणी कांहीं फेरफार केला आहे काय?" मीं मुलाकडे पाहिलें, तो जमिनीकडे पाहून "नाहीं" म्हणाला. दुकानदारानें दोन दिवस यंत्र चालवून पाहिलें. तें एकदांही पडलें नाहीं. घरीं आणल्यावर पहिल्याच दुपारीं पडलें. आतां त्या माणसानें मला फसविलें, याविषयीं माझी खात्रीच झाली. त्याचें दुकान थंड केलेलें होतें आणि आमची खोली तापलेल्या गच्चीखालीं होती, ही गोष्ट मात्र त्या वेळीं माझ्या मनाला शिवलीही नाहीं.

ती प्रथम शिवली आमच्या आईच्या मनाला. तिचें वय ऐशींच्या पुढें असून संगणकाशीं तिचा संबंध परदेशांतील नातवाचें तोंड पाहण्यापुरता. ती म्हणाली, "अरे, याला ताप दुपारपासूनच कसा भरतो? सकाळीं कधीं पडल्याचें मीं तरी ऐकलें नाहीं." जुन्या बायका घरांतील आजाऱ्याविषयीं जे प्रश्न विचारीत, तेच तिनें यंत्राविषयीं विचारले: केव्हां, काय केल्यावर, आणि त्याआधीं निराळें काय घडलें होतें.

मी जन्मभर शाळेंत विज्ञान शिकवलें, आणि हे तीन प्रश्न मला सुचूं नयेत याची लाज वाटली. त्याच रात्रीं एक दोनशें पानी वही घेऊन तींत रकाने आंखले. तारीख व वेळ, खोलींतील उष्णतामान, कोणतें काम चाललें होतें, पडद्यावर कोणते शब्द आले, आणि अखेरचा रकाना, 'यंत्रांत शेवटचा बदल कोणता व केव्हां?' भिंतीवर माझा जुना तापमापक टांगला. सहा दिवसांत चित्र स्पष्ट झालें. सकाळीं दहाच्या आंत यंत्र एकदांही पडलें नव्हतें. दुपारीं एकपासून रात्रीं दहापर्यंत, म्हणजे गच्चीचा स्लॅब तापून निवेपर्यंत, जड काम दिलें कीं तें हमखास पडे. खोलींत त्या वेळीं ३७-३८ अंश उष्णतामान असे.

सातव्या दिवशीं सकाळीं वही उघडली, तों अखेरचा रकाना पेन्सिलीनें भरलेला दिसला. अक्षर मुलाचें होतें. '१२ जानेवारी. वेग ४.२ चा ४.७ केला. व्होल्टेज १.२० चें १.३५ केलें.' खालीं आणखी एक ओळ होती: 'ताईच्या पानांचें मला ठाऊक नव्हतें.'

मी त्याच्यावर रागावलों नाहीं, असें म्हटलें तर तें खरें होणार नाहीं. परंतु राग ओसरल्यावर माझें तें जुनें वाक्य मला आठवलें. यंत्र विकून टाकण्याची धमकी मीं दिली नसती, तर पहिल्याच रात्रीं तो माझ्याकडे आला असता आणि दहा मिनिटांत काम झालें असतें. त्या धमकीची किंमत तीन आठवडे, एका भल्या दुकानदाराचा अपमान, आणि बावीस पानें इतकी पडली.

पंगत आणि यजमान

मुलानें जें केलें त्याला त्याच्या मित्रमंडळांत 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदु. त्यांतील सर्व व्यवहार एका घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. हें घड्याळ सेकंदाला कोट्यवधि ठोके देतें. शंभर कोटी ठोक्यांस एक गिगाहर्ट्झ म्हणतात. तेव्हां ४.२ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४२० कोटी ठोके. पांच गिगाहर्ट्झ वेग असेल, तर दोन ठोक्यांमधील अवधींत प्रकाशाचा किरण फक्त सहा सेंटीमीटर जातो, इतका तो अवधि सूक्ष्म आहे.

ह्या ठोक्यांचें काय काम, तें पंगतीवरून उत्तम कळतें. पानें मांडलीं आहेत. पुढें भात वाढणारा चालला आहे, त्याच्या मागून वरण वाढणारा, त्याच्या मागून तूप वाढणारा. प्रत्येकानें एका ठोक्याला एक पान पुढें सरकावयाचें. ठोका योग्य असेल तोंवर पंगत झरझर पुरी होते. आतां यजमानानें घाई करून ठोके जलद द्यावयास आरंभ केला, तर कांहीं वेळ वाढपी धांवून निभावतील. पण पुढें असा एक क्षण येतो कीं, भात पानांवर पडण्यापूर्वींच वरणवाल्याचा ठोका पडतो, आणि वरण रित्या पानावर सांडतें. तूपवाला तरी काय करणार? तोही त्यावर तूप सोडून पुढें जातो. चूक एका पानावर झाली, पण ती सावरावयास कोणी थांबत नाहीं.

प्रोसेसरांत नेमकें हेंच घडतें. एका भागाचें उत्तर सिद्ध होण्याच्या आंत पुढचा ठोका पडला, तर शून्याच्या जागीं एक, किंवा एकाच्या जागीं शून्य, पुढें जातें. ही चूक यंत्राच्या ध्यानीं आली, तर तें निळा पडदा दाखवून काम थांबवितें. ध्यानीं आली नाहीं, तर चुकीचा आंकडा निमूटपणें फाइलींत जाऊन बसतो. यंत्र बंद पडलें कीं निदान तें आपल्याला दिसतें. दुसरा प्रकार दिसत नाहीं, आणि म्हणूनच अधिक घातक असतो.

वाढप्यांनीं अधिक जलद धांवावें म्हणून त्यांना अधिक जोर द्यावयाचा. तो जोर म्हणजे विजेचा दाब, अर्थात् व्होल्टेज. दाब वाढविला कीं आंतील सूक्ष्म कळा अधिक चपळ होतात. परंतु धांवणाऱ्याला घाम येतो, आणि येथेंच नाशिकचा उन्हाळा आड येतो.

उष्णतेचा हिशेब

प्रोसेसरमध्यें निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. मुलानें वेग वाढविला १२ टक्के. दाब १.२० चा १.३५ झाला, त्याचा वर्ग केला असतां ती वाढ सुमारें २७ टक्के भरते. दोन्हींचा गुणाकार केला कीं उष्णता ४० टक्क्यांहून अधिक वाढली, असें दिसतें. बारा टक्के वेगासाठीं चाळीस टक्के उष्णता, असा हा व्यवहार होता.

दुसरी गोष्ट अशी कीं, प्रोसेसरवरचा पंखा हवा गार करीत नाहीं. तो फक्त आंतली उष्णता खोलीच्या हवेंत सोडतो. म्हणून प्रोसेसर खोलीपेक्षां ठराविक अंशांनीं गरम राहतो. आमच्या यंत्रांत, वाढविलेल्या वेगानें जड काम चाललें असतां, हा फरक सुमारें ६२ अंश होता. जानेवारीच्या त्या रात्रीं खोलींत १८ अंश उष्णतामान होतें. नाशिक जिल्ह्याचा हिंवाळा प्रसिद्धच आहे. निफाडकडे तर थंडीच्या कडाक्यांत द्राक्षबागा वांचविण्यासाठीं शेतकऱ्यांना बागेंत शेकोट्या पेटवाव्या लागतात. १८ आणि ६२ मिळून ८० झाले. मुलानें तासभर परीक्षा घेतली, यंत्र पडलें नाहीं, आणि काम फत्ते झालें असें त्यानें मानलें. एप्रिलमध्यें खोली ३८ अंशांवर गेली. ३८ आणि ६२ मिळून शंभर. दुकानांत २४ अंश असल्यामुळें तेथें ८६ वरच भागत होतें. तीन ठिकाणच्या तीन वर्तनांचा उलगडा असा साध्या बेरजेनें झाला.

शंभर अंशांच्या आसपास बहुतेक आधुनिक प्रोसेसर स्वतःचा वेग आपण होऊन कमी करतात, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर यंत्र बंद करतात. परंतु त्या मर्यादेला पोंचण्यापूर्वींच धोका सुरू झालेला असतो. कारण तापलेल्या सिलिकॉनमधील कळा मंद होतात. ऐंशी अंशांवर जो वाढपी ठोका जेमतेम गांठीत होता, तो पंचाण्णव अंशांवर चुकतो.

निर्मात्याची शिल्लक

येथें वाचक विचारतील कीं, यंत्र अधिक वेगानें चालूं शकत असेल, तर निर्माता तो वेग अगोदरच कां देत नाहीं? मुलाचाही हाच मुद्दा होता, आणि तो अगदींच पोकळ नव्हे. एका घाण्यांतून निघालेले सर्व प्रोसेसर सारखे नसतात. निर्माता त्यांची परीक्षा घेऊन प्रतवारी लावतो व असा वेग छापतो कीं, त्या प्रतीचा प्रत्येक नग, उष्ण देशांत, धुळीच्या खोलींत, कांहीं वर्षांच्या वापरानें थकल्यावरही, तो वेग सांभाळील. त्यामुळें चांगल्या नगांत पुष्कळ शिल्लक राहते.

१९९८ सालीं इंटेल कंपनीनें ३०० मेगाहर्ट्झ वेगाचा 'सेलेरॉन ३००ए' हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचें मूळ घड्याळ ६६ मेगाहर्ट्झचें होतें. तें १०० वर नेलें कीं बरेच नग ४५० मेगाहर्ट्झवर सुरळीत चालत. कमी पैशांत दीडपट वेग! ह्या छंदाला जगभर जी लोकप्रियता आली, तींत त्या प्रोसेसरचा वांटा मोठा आहे. पुढें हा छंद शर्यतीच्या थरास गेला. २०१४ सालीं एएमडी कंपनीचा एफएक्स-८३७० हा प्रोसेसर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या साह्यानें ८.७ गिगाहर्ट्झवर चालविण्यांत आला; त्यानंतर त्याहूनही थंड अशा द्रव हेलियमच्या साह्यानें नऊ गिगाहर्ट्झची सीमाही ओलांडली गेली. परंतु ते आंकडे क्षणभराचे होत. त्या यंत्रावर कोणी प्रबंध लिहीत नाहीं.

केवळ ठोका जलद करून वेग वाढविण्याच्या मार्गाला मर्यादा आहे, हें खुद्द निर्मात्यांसही पटलें. १९७१ च्या पहिल्या इंटेल ४००४ प्रोसेसरचा वेग सेकंदाला साडेसात लाख ठोक्यांहूनही कमी होता. २००४ पर्यंत पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोंचला. त्याच वर्षीं इंटेलनें चार गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला, आणि पुढील काळांत एका तुकड्यावर अनेक गाभे बसविण्याची पद्धति रूढ झाली. वाढप्यांना पळविण्यापेक्षां वाढपी वाढवावे, हें धोरण. अनेक प्रोसेसरांकडून एकच काम वांटून करून घेण्याचें हें तत्त्व आपल्या पुण्यांत त्यापूर्वींच मोठ्या प्रमाणावर अंमलांत आलेलें होतें. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेला 'परम ८०००' हा महासंगणक अनेक ट्रान्सप्यूटर एकत्र जोडूनच बनविलेला होता.

सारांश, प्रोसेसरवर छापलेल्या वेगापुढची शिल्लक निर्मात्यानें कंजूषपणानें दडवून ठेवलेली नसते. ती आपल्या वैशाखासाठीं ठेवलेली असते. मुलानें ती पौषांतच खर्चून टाकली.

निदानाचा क्रम

आमच्या अनुभवावरून जो क्रम ठरला, तो येणेंप्रमाणें.

पहिलें, प्रथम लिखाण वांचवावें. यंत्र एकदां जरी असें कोसळलें, तरी दुसरें कांहीं करण्यापूर्वीं महत्त्वाच्या फाइलींची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, आणि जुन्या प्रतीवर नवी चढवूं नये. कारण नवी प्रत बिघडलेली असण्याचा संभव असतो.

दुसरें, पडण्याचा प्रकार पहावा. पडद्यावर निळा निरोप आला (२०२५ पासून नव्या विंडोजमध्यें हा पडदा काळा झाला आहे) तर त्यावरील शब्द उतरून घ्यावे. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'डब्ल्यू-एच-ई-ए अनकरेक्टेबल एरर' असे शब्द असतील, तर वेग-दाबाचा संशय प्रथम घ्यावा. निरोप न देतां दिवा विझावा तसें यंत्र एकदम बंद झालें, तर अतिउष्णता किंवा वीज पुरविणारी पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, यांकडे पहावें. आपल्याकडे आणखी एक कारण संभवतें: वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर सुरू होण्यास जो क्षणभर विलंब लागतो, तेवढ्यानेंही संगणक बंद पडतो. त्या क्षणीं घरांतले दिवे मिणमिणले काय, हें घरच्या मंडळींना विचारावें. फक्त गेमच मिटला आणि बाकी सर्व चालू राहिलें, तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाचा, त्याच्या ड्रायव्हरचा, किंवा खुद्द गेमचा असतो. तथापि प्रोसेसर डळमळीत असला तरीही असें होतें.

तिसरें, सर्व मूळपदावर आणावें. संगणक सुरू होतांना बायोसमध्यें जाऊन मूळ मांडणी परत आणण्याची सोय असते. पडदाच दिसत नसेल, तर वीज काढून, मदरबोर्डावरील रुपयासारखी चपटी बॅटरी कांहीं मिनिटें बाहेर ठेवावी. म्हणजे केलेले फेरफार पुसले जातात. हें करतांना यंत्राच्या उघड्या धातूला अगोदर हात लावावा, म्हणजे अंगांतली स्थिर वीज निघून जाईल. मेमरीचा वेग वाढविणारी 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' नांवाची मांडणीही बंद करावी. ती एका बटणानें सुरू होत असल्यामुळें मुलें तिला फेरफार समजत नाहींत. परंतु तोही वेगवाढीचाच प्रकार आहे.

चौथें, मूळ वेगावर कांहीं दिवस यंत्र चालवावें, आणि तेंही दिवसाच्या सर्वांत उष्ण वेळीं. आतां पडलें नाहीं, तर निदान झालें. पडत राहिलें, तर दोष अन्यत्र आहे. मग 'मेमटेस्ट८६' नें रात्रभर मेमरी तपासावी, डिस्क तपासावी, आणि पॉवर सप्लाय बदलून पहावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या, तर कोणत्या औषधानें गुण आला हें कधींच कळत नाहीं.

पांचवें, धूळ. आमच्या यंत्राच्या पंख्याच्या पात्यांमागें धुळीचा एक जाड थर सांपडला. पंखा हातानें धरून ठेवावा व धूळ मऊ ब्रशानें काढावी. प्रोसेसर आणि वरचा धातूचा ठोकळा यांमधील उष्णतावाहक लेप वर्षानुवर्षांनीं वाळतो; तो पुसून नवा लावावा.

सहावें, ज्याला वेग वाढवावयाचाच आहे, त्यानें आधीं हमीपत्र वाचावें, कारण अशा फेरफारानें झालेली हानि पुष्कळ निर्माते हमींत धरीत नाहींत. मग एका वेळीं शंभर मेगाहर्ट्झ याप्रमाणें वेग चढवावा, दाब शक्य तितका कमी ठेवावा, आणि प्रत्येक पायरीला 'प्राइम९५' किंवा 'ओसीसीटी' सारख्या परीक्षेचे कांहीं तास द्यावे. उष्णतामान 'एचडब्ल्यूइन्फो' नें दिसतें. परीक्षा हिंवाळ्यांत घेतली असेल, तर आपल्या खोलींत उन्हाळ्यांत जे वीस अंश अधिक होतात, ते त्यांत मिळवून मगच निकाल द्यावा. जास्त दाब वर्षानुवर्षें दिला, तर प्रोसेसर हळूहळू झिजतो व एके काळीं सोसलेला वेगही पुढें सोसत नाहीं.

दोष नेहमीं मुलाचाच नसतो

हें सर्व वाचून कोणा पालकांनीं मुलाला फैलावर घेऊं नये, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतों. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीचे कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर, मालकानें कसलाही फेरफार केलेला नसतांना, गेम खेळतांना कोसळूं लागले. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षां अधिक दाब मागत होता, आणि त्यानें त्याची कायमची झीज होत होती, असें २०२४ सालीं निष्पन्न झालें. त्या वर्षीं ऑगस्टपासून कंपनीनें बायोसमार्फत सुधारणा दिल्या व त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. परंतु जे नग आधींच झिजले, ते सुधारणेनें बरे होत नाहींत. ते बदलूनच घ्यावे लागतात. म्हणून कोणताही फेरफार केला नसतांना यंत्र पडत असेल, तर प्रोसेसरची पिढी पाहून बायोस अद्ययावत् करावें, आणि हमीचा कागद हाताशीं ठेवावा.

अखेरची नोंद

आमच्या यंत्राला मूळ वेगावर आणल्यावर तें भर दुपारीं ८२ अंशांवर स्थिर राहिलें व पुन्हां पडलें नाहीं. मग मुलाच्या आग्रहावरून, आणि माझ्यासमक्ष, दोघांनीं मिळून ४.४ गिगाहर्ट्झ वेग व १.२२ व्होल्ट दाब ठरविला. त्यावर उष्णतामान ८६ च्या वर जात नाहीं. गेममध्यें ४.७ वेगाला सेकंदास ११८ चित्रें दिसत होतीं, आतां ११४ दिसतात. हा चार चित्रांचा फरक डोळ्यांना कळतो काय, असें मीं त्याला विचारलें. तो प्रामाणिकपणें "नाहीं" म्हणाला. पूर्वींच्या "नाहीं" पेक्षां हें "नाहीं" मला फार आवडलें.

दुकानदाराकडे आम्ही दोघेही जाऊन आलों. क्षमा मागण्याचें काम माझें होतें. तें मीं केलें. त्यानें चहा मागविला आणि मुलाला विचारलें, "दाब किती दिला होतास?" नंतर अर्धा तास त्या दोघांचें जें बोलणें चाललें, त्यांत मला जागाच नव्हती.

मुलीच्या बावीस पानांपैकीं पुष्कळशा मजकुराचीं हस्तलिखित टांचणें तिच्यापाशीं होतीं. तीं वाचून टंकलिखित करण्याचें काम भावानें स्वतःहून अंगावर घेतलें. अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज रात्रीं गेमचा तास त्यानें त्यांत घातला, आणि वाड्यांच्या लांकडी खांबांविषयीं तो आतां बहिणीशीं वादही घालूं लागला आहे. प्रबंध वेळेवर सादर झाला.

ती वही अद्याप संगणकाशेजारीं खिळ्याला टांगलेली आहे. घरांतील कोणींही यंत्रांत कांहीं बदल केला, तर अखेरच्या रकान्यांत लिहावयाचें, आणि लिहिणाऱ्यावर कोणीं रागवावयाचें नाहीं, असा नियम आम्हीं केला आहे. गेल्या महिन्यांत तेथें एक नवी नोंद दिसली: 'छपाईयंत्राची मांडणी बदलली. आतां कागद आडवा येतो. काय केलें तें आठवत नाहीं.' अक्षर माझें होतें.